यातली एखादी गोळी कमी केली तर चालेल का?

महिन्याची वीस तारीख उलटली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तपासून होतं, चिठ्ठी लिहून होते, पेशंट उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथून वळून विचारतो, "डॉक्टर, यातली एखादी गोळी कमी केली तर चालंल का?"

पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. "ही काय भाजी आहे का, दोन जुड्या कमी करायला?" असं मी बोललोही आहे. आता राग येत नाही. जो विचारतो तो शहाणा. न विचारता गोळी कमी करणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. विचारणाऱ्याला मी परत खुर्चीत बसवतो आणि सांगतो, "गोळीचं नंतर बघू. पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी आणा आणि किराण्याची यादीही आणा."

किराण्याची यादी डॉक्टरला कशाला, असा चेहरा करून लोक जातात. ही सवय मला एका मावशींमुळे लागली. ते आज सविस्तर लिहितो.

२००९ सालची गोष्ट. मावशी तेव्हा पंचावन्नच्या असतील. काटेवाडीच्या शिवारात दीड एकर ऊस, घरात पाच माणसं. रक्तदाब बराच वाढलेला होता, म्हणून मी त्यांना दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. महिन्याचा खर्च साधारण तीनशे रुपये. दर भेटीला मी विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" त्या म्हणायच्या, "हाय की." रक्तदाब कधी बरा, कधी फार वर. मी डोस वाढवला. म्हणजे खर्चही वाढवला.

त्या वर्षी पावसाळ्यात एका पहाटे त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. बारामतीला आयसीयूत ठेवावं लागलं. बिल चाळीस हजारांवर गेलं. तेव्हा आजच्यासारखी सरकारी आरोग्य योजना आपल्याकडे नव्हती; मुलाने उसनवारी करून पैसे भरले. नंतर मी हिशोब केला. तेवढ्या पैशांत त्यांच्या गोळ्या अकरा वर्षं आल्या असत्या.

दोन महिन्यांनी बोलणं थोडं सुधारल्यावर त्यांनी मला खरं सांगितलं. "तीनशे रुपय नुसत्या माज्या गोळ्यांना जायाचं डॉक्टर. मला काय होत तर नव्हतं. मग मी येक दिसाआड खायाची. पोराला ठावं नव्हतं."

"मला काही होत नव्हतं" हे वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. दाढ दुखली तर माणूस उसने पैसे काढून डॉक्टरकडे जातो. रक्तदाब गप्प बसून मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो. त्यामुळे घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती या न दुखणाऱ्या आजाराच्या औषधाला. आणि तो आजार घरातल्या बाईचा असेल तर मग विचारायलाच नको.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. त्याच घरात नातवासाठी दर महिन्याला दुधात घालायच्या पावडरीचा डबा येत होता. मावशींचे मालक दर पंधरा-वीस दिवसांनी "अशक्तपणा आलाय" म्हणून सलाईन लावून घेत होते. आणि ती सलाईन मीच लावत होतो. एका बाटलीचे दीडशे रुपये घेत होतो. ज्या घराला मावशींच्या गोळ्यांचे तीनशे रुपये जड होते, त्याच घराकडून मी दर महिन्याला तेवढेच पैसे मीठ-साखरेच्या पाण्याचे घेत होतो. दोघांच्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात होत्या. मी त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

सलाईनच्या बाटलीत असतं काय ते सांगतो. आपल्याकडे अशक्तपणाला लावतात ती साधारणपणे ग्लुकोज-सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली असते. त्यात साडेचार ग्रॅम मीठ आणि पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे पाऊण चमचा मीठ, पाच चमचे साखर, बाकी शुद्ध पाणी. एका ज्वारीच्या भाकरीत याच्या जवळजवळ दुप्पट उष्मांक असतात. उलट्या थांबत नसतील, पोटात पाणी राहत नसेल, माणूस शुद्धीवर नसेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण चालत आलेल्या, बोलणाऱ्या, तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही. लाल रंगाच्या ताकदीच्या इंजेक्शनचंही तसंच. ते बहुतेक वेळा बी-१२ जीवनसत्त्व असतं. ज्याच्या रक्तात ते कमी आहे त्याला जरूर द्यावं. दर अमावस्या-पौर्णिमेला टोचून घेण्याची ती वस्तू नव्हे.

मी अशक्तपणाची सलाईन बंद केली. काही महिने दवाखाना ओस पडला म्हणा ना. "हा डॉक्टर नुसता बोलतो, देत काही नाही," असं लोक म्हणायला लागले. मावशींच्या मालकांनीही माझ्यावर राग धरला. शेवटी मी त्यांना सरळ विचारलं, "सलाईन लावल्यावर तुम्हाला नेमकं बरं कसं वाटतं?" ते थोडा विचार करून म्हणाले, "अर्धा-पाऊण तास पंख्याखाली पडायला मिळतं. कुणी मोटर चालू करायला उठवत नाही. मंडळी उशाशी बसती."

तो माणूस रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात रात्रभर उसाला पाणी द्यायचा आणि दिवसा पुन्हा कामाला लागायचा. त्याला विश्रांती हवी होती, चौकशी हवी होती. पैसे तो बाटलीचे देत होता. मी त्यांचं हिमोग्लोबिन आणि साखर तपासली. दोन्ही ठीक निघाली. मग चिठ्ठीवर लिहून दिलं: रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास झोप, घरातल्यांनी उठवायचं नाही. खाली सही केली, शिक्का मारला. तो कागद त्यांनी बरेच दिवस घरात लावून ठेवला होता.

खर्च कमी करायचा पण मन मारायचं नाही, हे जमायचं असेल तर हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा लागतो: हिच्यातून आपल्याला नेमकं काय मिळतं? वस्तू काढली आणि ते मिळणंही काढून घेतलं, तर महिन्याभरात घर कुरकुरायला लागतं आणि खर्च दुप्पट वेगाने परत येतो. मिळणारी गोष्ट ठेवून वस्तू बदलली तर कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

नातवाच्या डब्याचं बघा. आजीला वाटायचं, आपण नातवासाठी काहीतरी चांगलं आणतोय. नातवाला दूध गोड आणि चॉकलेटी हवं होतं. या पावडरींत साखर भरपूर असते. दोन चमच्यांतून प्रथिनं मिळतात जेमतेम दीड-दोन ग्रॅम, प्रकारानुसार थोडी जास्त. पेलाभर दुधात मुळात आठेक ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, आणि मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. म्हणजे ताकद दुधाची आणि नाव डब्याचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा गटच नाही. आम्हाला २००९ साली हे सांगायला कुणी नव्हतं. मावशींच्या सुनेने शेंगदाणा-गुळाचे लाडू करायला घेतले. डबा रिकामा झाल्यावर लाडू त्याच डब्यात ठेवले. पोरगं डब्याकडेच धावायचं, त्याला आत काय आहे याच्याशी मतलब.

आता थोडं आपल्या भागाविषयी. महिन्याचा खर्च महिन्याला कमी करा, असं पुस्तकात लिहिणं सोपं असतं. आपल्याकडे बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात निम्म्या घरांना महिना हा हिशोबच लागू नाही. ऊस दिवाळीच्या सुमाराला तुटायला लागतो, पुढे उन्हाळ्यापर्यंत तोड चालते. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं सांगतो. पण सर्वसाधारण रीत हप्त्यांची. पहिला हप्ता येतो, मग पुढचा, मग दिवाळीच्या तोंडावर उरलेलं. पैसे एकदम येतात, सोसायटीचं कर्ज कापून येतात आणि एकदम संपतात. गोळी मात्र रोज लागते. मी माझ्या जुन्या केसपेपरांवरून बोट फिरवलं तेव्हा दिसलं की माझ्या अनेक पेशंटांचे रक्तदाब आणि साखर पावसाळ्यात बिघडतात आणि बिल आलं की सुधारतात. मावशींना झटका आला तो पावसाळ्यातच.

याचं औषध मला माझ्या आईकडे सापडलं. आई शिकलेली चौथीपर्यंत. पण वर्षाचे गहू, ज्वारी, डाळ, तिखट, हळद हे सगळं हंगामात भरून ठेवायची. उन्हाळ्यात पापड-कुरडया. तिला याचं नाव माहीत होतं, बेगमी. श्रावणात हातात रुपया नसला तरी आमच्या घरात कधी काही कमी आहे असं वाटलं नाही, कारण कणगी भरलेली असायची. तीच रीत मी औषधांना लावली. उसाचं बिल हातात आलं की मोबाइल आणि मोटरसायकलच्या आधी वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे वेगळे काढायचे. सगळ्या गोळ्या एकदम आणायच्या नाहीत, कारण डोस बदलतो. तीन महिन्यांच्या आणायच्या, मुदत बघून, आणि फ्रिजवर किंवा चुलीजवळ न ठेवता कोरड्या जागी ठेवायच्या. बाकीचे पैसे त्याच डब्यात. घरातल्या कुणी त्या डब्याला हात लावायचा नाही. लग्नकार्यालासुद्धा नाही.

पण बेगमी करायची तर माल रास्त भावाचा हवा. इथे मी स्वतःची चूक सांगून टाकतो. मी मावशींना लिहून दिलेल्या गोळ्यांतलेच घटक असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्या त्या काळी महिन्याला सत्तर-ऐंशी रुपयांत मिळत होत्या. मी कधी किंमत विचारलीच नव्हती. एमडीला आम्हाला औषध कसं काम करतं ते शिकवलं, त्याची किंमत कुणी शिकवली नाही. मीही हातात जे नाव बसलं होतं तेच लिहीत गेलो.

आज परिस्थिती बरीच बरी आहे. जनऔषधी केंद्रं निघाली आहेत. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन यांच्या साध्या दहा गोळ्यांची पट्टी तिथे दहा रुपयांच्या आसपास मिळते. तुमच्या पट्टीवर कंपनीच्या मोठ्या नावाजवळ बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते आणि त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा महत्त्वाचा. तुमच्या डॉक्टरांना विचारा, "हाच घटक स्वस्तात मिळेल का?" विचारायला लाजू नका. मला विचारलं तर मी रागावत नाही, हे वर लिहिलंच आहे. आवश्यक औषधांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. पण एखाद्या साध्या गोळीत आणखी दोन-तीन गोष्टी मिसळल्या की ती त्या यादीबाहेर राहू शकते आणि महाग होते. म्हणून 'तीन इन वन' गोळी दिसली की तिन्ही घटक खरंच लागतात का, हे एकदा विचारा. कधी लागतातही. अशा वेळी एकच गोळी खाणं सोपं जातं आणि चुकत नाही.

"स्वस्त गोळी लागू पडते का?" या प्रश्नाला माझं उत्तर मोजून बघा असं आहे. गोळी बदलल्यावर दोन आठवड्यांनी रक्तदाब मोजायचा, साखर असेल तर ती तपासायची. माझ्या बहुतेक पेशंटांत काही फरक पडलेला नाही. ज्यांच्यात पडला त्यांची गोळी परत बदलली. मात्र फिटची औषधं, थायरॉइडची गोळी आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन यांची कंपनी आपल्या मनाने बदलू नका. तिथे थोडा फरकही महागात पडतो. आणि डॉक्टरला न विचारता मेडिकलवाल्याने दिलं म्हणून काही बदलू नका.

सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवणं हीसुद्धा एक उधळपट्टीच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. तीस वर्षांवरच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात. मोठं आजारपण आलं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचं कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवा, आयसीयूच्या दारात कागद शोधत बसू नका. माझा धंदा बुडेल म्हणून मी हे लपवणार नाही. आणि वर्तमानपत्रातल्या घडीतून पडणाऱ्या साठ तपासण्यांच्या स्वस्त पॅकेजचा कागद मुलांना होड्या करायला द्या. साठातल्या दोन-तीन तपासण्या थोड्या वर-खाली निघतातच आणि मग त्यांच्या मागे धावण्यात पैसे जातात.

आता किराण्याची यादी. मी तिच्यात तीन ओळी बघतो: साखर, तेल, मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांना महिन्याला सहाशे ग्रॅम झालं. आपल्या यादीत दोन किलो असतं, शिवाय लोणचं, पापड आणि फरसाण वेगळं. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. चार जणांच्या घरात पाच लिटरचा कॅन पंचवीस तारखेला संपत असेल तर तो पोटावर आणि खिशावर दोन्हीकडे दिसतो. एकदम निम्मं करू नका, भाजी बेचव लागेल आणि सगळं फिसकटेल. कॅनमधून कढईत ओतण्याऐवजी चमच्याने घाला. मीठ महिन्याला चिमूट-चिमूट कमी करा. जिभेला दोन-तीन महिन्यांत सवय लागते, नंतर बाहेरचंच खारट लागतं.

साखरेची गंमत आपल्याकडे वेगळी आहे. सभासदाला कारखान्याकडून सवलतीच्या दराने साखर मिळते. ती घरात पोत्याने येते, त्यामुळे तिची किंमत कुणाला जाणवत नाही. पाहुण्याला चहा गोड लागला नाही तर घराची अब्रू जाते. मी एका घरात मोजायला लावलं तर माणशी महिन्याला दोन किलो साखर निघाली. त्या घरात तीन मधुमेही. साखर सवलतीची, इन्शुलिन बाजारभावाचं! त्यांना मी चहा बंद करायला सांगितलं नाही. चहा बंद करा म्हटलं की माणूस डॉक्टर बदलतो. कप लहान करायला आणि साखर मापाच्या चमच्याने घालायला सांगितलं, पाहुण्यांना वेगळी द्यायला सांगितली. उरलेलं पोतं त्यांनी बहिणीला दिवाळीला पाठवलं. बहिणीच्या घरी काय झालं ते मी विचारलेलं नाही.

माझ्याही घराची यादी काही सोवळी नाही. चालायला म्हणून आणलेल्या महागड्या यंत्रावर पावसाळ्यात आमचे कपडे वाळतात. सौ. म्हणते, एवढी महाग वलणी गावात कुणाकडे नसेल. मी आता कालव्याच्या कडेने चालतो. त्याचे पैसे पडत नाहीत आणि रस्त्यात चार पेशंट भेटतात.

यादी बघून झाल्यावर मी घरातल्या बाईला वेगळं विचारतो, "तुम्ही दूध घेता का? अंडं कुणाकुणाला असतं? चष्मा कधी बदलला?" काटकसर ठरते पुरुषांच्या बैठकीत आणि सुरू होते बाईच्या ताटात. दूध आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना, मग चहाला. ती शेवटी बसते आणि उरेल त्यात भागवते. तिला कुणी कमी दिलेलं नसतं, तीच घेत नाही. तिचं हिमोग्लोबिन आठ निघतं तेव्हा घर म्हणतं, "आमच्यात खायला काय कमी आहे?" म्हणून खर्च कमी करायला बसाल तेव्हा आधी एका कागदावर लिहा की कशाला हात लावायचा नाही. तिची लोहाची गोळी, तिचं दूध, तिच्या रक्तदाबाची पट्टी, म्हाताऱ्यांचा चष्मा, पोरांची अंडी. मग खालच्या ओळींकडे जा.

मावशी आता सत्तरीच्या आहेत. उजव्या हातात अजून जोर नाही, काठी घेऊन चालतात. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा गोळ्यांचा आहे. दर तीन महिन्यांनी सून तो माझ्यासमोर उघडते आणि मी पट्ट्या मोजतो. गेल्या खेपेला दोन गोळ्या जास्त निघाल्या. मी वर बघितलं तर मावशी म्हणाल्या, "एकादशीच्या दिशी घेतल्या न्हाईत." उपासाला गोळी चालते, हे मी त्यांना पंधरा वर्षं सांगतोय.

तुम्ही याल तेव्हा पिशवी आणि यादी दोन्ही आणा. फक्त तुकोबांच्या पालखीच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी काटेवाडीत रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण असतं, रस्ता माणसांनी भरलेला असतो, आणि मीही दवाखान्यात नसतो.